"घरी येतं, पेपरात आठवत नाही"

"मॅडम, रात्री अकरापर्यंत वाचत बसते. घरी विचारलं की येतं म्हणते आणि चाचणीत पेपर कोरा. हिची स्मरणशक्तीच कमी आहे का? काही टॉनिक द्यावं का?" दहावीतल्या मुलीच्या आईचा हा प्रश्न. माझ्याकडे येणारे निम्मे पालक तो विचारतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

विज्ञानाचं पुस्तक पाहिलं. प्रकाशाच्या अपवर्तनाचा धडा हायलायटरने पिवळाधमक झालेला, चार-पाच वेळा वाचलेला. मी पुस्तक मिटायला लावलं आणि अपवर्तनाचे नियम विचारले. पहिला नियम अर्धा सांगून ती अडली. "मला खरंच येत होतं," म्हणताना तिचे डोळे भरून आले.

ती खोटं बोलत नव्हती. पुन्हा पुन्हा वाचलेला मजकूर ओळखीचा होतो आणि ओळखीचं ते पाठच आहे असं वाटतं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा वाचायला लावला, दुसरा न बघता आठवून लिहायला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचलेला जास्त आठवत होता. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिलेल्यातलं ५६ टक्के लक्षात होतं, पुन्हा वाचलेल्यातलं ४२ टक्के. रात्री येणारं आठवड्याने पेपरात का सुचत नाही, ते इथे कळतं.

टॉनिकची गरज नव्हती. धडा नीट वाचायचा, पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं, राहिलेलं दुसऱ्या रंगाच्या पेनाने भरायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. सुरुवातीला ती वैतागली. "आधीपेक्षा कमीच येतंय!" बरीच मुलं इथेच सोडून देतात. पण अडखळत आठवणं हाच खरा अभ्यास असतो, हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

आई म्हणाल्या, "मला कुठे विज्ञान कळतं?" म्हटलं, "ताई, कळायला नको. स्वाध्यायातले प्रश्न वाचून विचारा. अडली तर लगेच उत्तर सांगू नका, रागावूही नका. थोडं थांबा."

सहामाहीत विज्ञान आणि इतिहास सुधारले. बीजगणित मात्र होतं तिथेच राहिलं, कारण वर्गसमीकरणं तिला मुळातच समजली नव्हती आणि न समजलेलं आठवणार तरी कसं? त्यासाठी तिला अडलेली उदाहरणं घेऊन शाळेतल्या सरांकडे पाठवलं.