सोलापुरात राहून आयटीतील शिकाऊ उमेदवारी करावी का?

आपण विचारले आहे की, आयटीआयमधून कोपा (संगणक चालक व प्रोग्रामिंग सहायकाचा अभ्यासक्रम) पूर्ण झाल्यावर सोलापुरातच एका टॉवेल कारखान्याच्या संगणक विभागात शिकाऊ उमेदवारी मिळत असेल, तर ती घ्यावी की पुण्याला जाऊन नेटवर्किंगचा क्लास लावावा, आणि घेतलीच तर सुरुवातीला काय सांभाळावे. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या अशाच एका कारखान्यात मी ते वर्ष काढले आहे, म्हणून खात्रीने सांगतो: घ्या. क्लास नंतरही लावता येतो. क्लासमध्ये बिघाड शिक्षकांनी मुद्दाम घातलेला असतो, तो एकच असतो आणि त्याचे उत्तर त्यांना आधीच ठाऊक असते. कारखान्यात मात्र माल भरलेली गाडी दारात उभी असते, बारकोडचे लेबल छापले जात नसते आणि दोष प्रिंटरमध्ये आहे, केबलमध्ये आहे की संगणकात, हे कोणालाच माहीत नसते.

मला सर्वांत आधी शिकावे लागले ते ऐकणे. आपल्याकडे एकाच कारखान्यात मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषा चालतात. मागावरचे मुकादम ‘नेट रावट्लेदू’ म्हणत, म्हणजे नेट येत नाही. प्रत्यक्षात कधी त्यांचा पासवर्ड संपलेला असे, तर कधी फक्त एक संकेतस्थळ उघडत नसे. हिशेब विभागात ‘सिस्टीम बंद आहे’ याचा अर्थ बहुतेक वेळा टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडत नाही एवढाच असे. मी पहिले काही आठवडे तक्रार ऐकताच जागेवरून उठत असे आणि चुकीची अवजारे घेऊन पोहोचत असे. पुढे मी तीन प्रश्न ठरवून घेतले: पडद्यावर नेमके काय लिहून आले आहे, हे शेवटचे नीट कधी चालले होते, आणि त्यानंतर काय बदलले? यातला तिसरा प्रश्न मी कधीच गाळत नाही.

त्याचे कारण सांगतो. एके दिवशी पॅकिंग विभागातील काही संगणकांना सर्व्हर दिसेनासा झाला, तर शेजारचे व्यवस्थित चालत होते. मी अर्धा दिवस केबल बदलण्यात आणि नव्याने क्रिंपिंग करण्यात, म्हणजे केबलच्या टोकांना जोडण्या बसवण्यात घालवला. माझ्या वरिष्ठांनी येऊन फक्त संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी आयपीकॉन्फिग ही आज्ञा चालवली. आमचे पत्ते 192.168.1 ने सुरू होत. त्या संगणकांना 192.168.0 ने सुरू होणारे, म्हणजे दुसऱ्याच नेटवर्कचे पत्ते मिळाले होते. कोणीतरी मोबाइलला वायफाय मिळावे म्हणून घरचा राउटर आणून स्विचला (सगळ्या संगणकांच्या केबल जिथे एकत्र येतात त्या पेटीला) जोडला होता आणि तोही पत्ते वाटू लागला होता. पत्ता 169.254 ने सुरू होत असता, तर पत्ता देणाऱ्यापर्यंत संगणक पोहोचतच नाही असे समजून केबलकडे वळणे योग्य ठरले असते. हा फरक मी पुस्तकात वाचला होता, परंतु तो कधी वापरायचा हे मला त्या दिवशी कळले.

आपल्या शहरातल्या कारखान्यांविषयी एक वेगळी गोष्ट. टॉवेलच्या सुताचे तंतू हवेत असतात आणि ते संगणकाच्या पंख्यांवर व एसएमपीएसमध्ये (संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागात) गादीसारखे बसतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा संगणक आपोआप बंद होऊ लागल्यास विंडोजवर संशय घेण्याआधी झाकण उघडून पाहावे. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. तो वेगाने उलटसुलट फिरला तर खराब होऊ शकतो.

कागदपत्रांची बाजू थोडक्यात सांगतो, पण ती दुर्लक्षित करू नका. शिकाऊ उमेदवारी 1961 च्या कायद्याखाली चालते. आपला करार अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदला गेला आहे, हे रुजू होण्याआधी स्वतः पाहा, कारण नोंद नसेल तर शेवटी प्रमाणपत्र मिळण्यात अडचण येते. 2019 च्या सुधारित नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार दरमहा 5,000 ते 9,000 रुपये ठरवले होते. सध्याचा दर करारावर तपासून घ्या. वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन कारखान्यावर आपोआप येत नाही, ही गोष्ट घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा. माझ्या घरी मी ती सांगितली नव्हती आणि शेवटच्या महिन्यात वडिलांना समजावताना मला फार जड गेले.

माझ्या हातून घडलेली एक चूक सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. हिशेब विभागातील एका ताईंचा संगणक फार मंद झाला होता आणि तो फॉरमॅट करायचा ठरला. मी विचारले, “सगळे डी ड्राइव्हमध्ये आहे ना?” त्या “हो” म्हणाल्या. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइल सी ड्राइव्हमध्येच असतात, हे त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते. मला माहीत होते, तरीही मी पाहिले नाही. त्यांचे अनेक महिन्यांचे तक्ते गेले. वरिष्ठ मला रागावले नाहीत, परंतु ताईंना ही गोष्ट मी स्वतः जाऊन सांगायची, असे त्यांनी बजावले. पुढचे दोन दिवस मी ताईंशेजारी बसून जुन्या ईमेलच्या जोडपत्रांतून मिळतील तेवढे तक्ते परत जमवले; काही त्यांना पुन्हा टाइप करावे लागले. त्यानंतर फॉरमॅट करण्यापूर्वी डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हे तिन्ही फोल्डर मी वापरणाऱ्यासमोर उघडतो, बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवून घेतो, ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडते की नाही ते पाहतो आणि मगच वहीत तारीख घालून त्यांची सही घेतो.