जेवणानंतरचा हर्बल चहा आणि अंगातलं लोह

प्रश्न : माझं वय ४३. साखर कमी करायची म्हणून दुधाचा चहा बंद केला. आता दोन्ही जेवणांनंतर लगेच पुदिन्याचा हर्बल चहा घेते. खोक्यावर ‘अँटिऑक्सिडंट्सनी भरपूर’ असं छापलंय. हिमोग्लोबिन ९.८ असल्याने लोहाच्या गोळ्या चालू आहेत. या चहातून जीवनसत्त्वं, खनिजं मिळतात ना? आणि बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या सासूबाईंना हिबिस्कस चहा दिला तर चालेल का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, चहा सोडू नका, पण त्याची वेळ आजपासून बदला. तुमच्या पत्रातलं हिमोग्लोबिन वाचून मला हेच आधी सांगावंसं वाटलं. बायकांमध्ये १२ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय, आणि तुम्ही बऱ्याच खाली आहात.

चहाच्या पानांतल्या ज्या पॉलिफिनॉल्स नावाच्या घटकांना आपण अँटिऑक्सिडंट म्हणून नावाजतो, तीच जेवणातल्या लोहाला आतड्यात धरून ठेवतात आणि ते रक्तात जाऊ देत नाहीत. साध्या चहाचं हे बहुतेकांना ठाऊक असतं. हर्बल चहा मात्र निर्धोक समजला जातो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पावाच्या जेवणासोबत वेगवेगळी पेयं देऊन लोहाचं शोषण मोजलं होतं. काळ्या चहाने ते ७९ ते ९४ टक्क्यांनी घटलं, पेपरमिंटच्या म्हणजे विलायती पुदिन्याच्या चहाने ८४ टक्क्यांनी आणि कॅमोमाइल या फुलांच्या चहाने ४७ टक्क्यांनी. आपल्या शाकाहारी ताटात मेथी, मटकी, बाजरी यांतून येणारं लोह नेमकं याच प्रकारे अडतं. तेव्हा जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचं अंतर हवंच. दीड-दोन तास ठेवलंत तर उत्तम. गोळीही चहासोबत किंवा दुधासोबत घेऊ नका. आणि ताटात लिंबाची फोड हवी, क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं.

आता पोषणाचं. पिशवीत जेमतेम दोन ग्रॅम सुकी पानं असतात आणि तीही आपण गाळून टाकतो. तंतू आणि बरीचशी खनिजं चोथ्यातच राहतात. पुदिन्याची चटणी खाल्लीत तर अख्खं पान पोटात जातं, म्हणून मी पोषणासाठी चटणीच सुचवेन. खोक्यावरच्या अँटिऑक्सिडंटच्या आकड्यांवरही विसंबू नका. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा आपला तक्ता २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकला. परीक्षानळीत मोजलेली क्षमता शरीरात तशीच दिसते असं नाही, हे त्याचं कारण.

मग फायदा कशात? साखर सुटण्यात! दिवसाला चार कप आणि कपाला दोन चमचे धरले, तर साखर ३० ग्रॅमच्या पुढे जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी. बिनसाखरेच्या हर्बल चहाने हा सगळा भार उतरतो, हे तुम्ही फार चांगलं केलंत. दुधाच्या चहातून मिळणारं कॅल्शियम मात्र गेलं, ते वाटीभर दह्याने भरून काढा.

घरी गवती चहा असेल तर खोकं आणायचीही गरज नाही. मी तीन-चार पाती धुऊन त्यांची गाठ मारते, उकळत्या पाण्यात टाकते, गॅस बंद करते आणि झाकण ठेवते. वास देणारं सिट्राल वाफेबरोबर उडतं, म्हणून झाकणाखाली जमलेले थेंब पातेल्यातच झटकते. पाच-सात मिनिटांनी गाळलं की रंग फिकट हिरवट आणि वास खमंग येतो. आल्याचा छोटा तुकडा ठेचून घाला, साखरेची आठवणही होत नाही.

सासूबाईंचा प्रश्न जरा जपून. ज्या हिबिस्कसचा रक्तदाबासाठी चांगला अभ्यास झालाय, तो अंगणातला जास्वंद नव्हे, लाल अंबाडी. तिच्या आंबट बोंडांची आपल्याकडे चटणी करतात. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६५ जण होते. त्यांतल्या अंबाडीचा चहा मिळालेल्यांनी सहा आठवडे रोज तीन कप घेतले, तेव्हा त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी सात अंकांनी उतरला; नुसतं तशा चवीचं पेय घेणाऱ्यांचा एक अंकाच्या आसपास. पण ही माणसं बीपीची औषधं घेत नव्हती. सासूबाई गोळ्या घेतात, तेव्हा दोन्ही मिळून रक्तदाब जास्तच उतरू शकतो आणि उठताना भोवळ येऊ शकते. डॉक्टरांना विचारूनच सुरू करा आणि सुरुवातीला घरी रोज बीपी मोजून वहीत लिहा. ज्येष्ठमध घातलेले काढे त्यांना नियमित देऊ नका, त्याने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. मिश्रणाच्या पुडीवर बारीक अक्षरात ते कुठेतरी लिहिलेलं असतं, ती यादी वाचूनच पुडी घ्या.