बिघाड ताटलीत, दोष कॅमेऱ्याला

रंगपंचमीच्या अंकात रंगाच्या थेंबांचे अगदी जवळून काढलेले फोटो छापले होते आणि घरातल्या सामानावर ते कसे काढायचे हे थोडक्यात सांगितलं होतं. ते ‘थोडक्यात’ पुरलं नाही, असं आलेल्या पत्रांवरून दिसतं. बहुतेकांनी खापर कॅमेऱ्यावर फोडलं आहे. सोबत पाठवलेले फोटो पाहिल्यावर आमचं मत निराळं झालं. म्हणून उत्तरांची सुरुवात ताटलीपासून.

दुधात खाण्याचे रंग टाकून साबणाचा थेंब सोडला. रंग सुंदर धावले, पण मिनिटभरात सगळं मातकट झालं. पुन्हा साबण टाकला तर काही हललंच नाही. (सुदामानगर, इंदूर)

दुसरा थेंब चालायचा नाहीच. रंग धावतात ते पृष्ठताणातल्या फरकामुळे. साबण पडतो तिथला ताण एकदम उतरतो, भोवतालचा पृष्ठभाग दुधाला आपल्याकडे खेचतो आणि वर तरंगणारा रंग सोबत जातो. साबण सगळीकडे पसरला की फरक संपला, खेळही संपला. मग दूध बदलायचं, आणि ताटली धुऊन कोरडी पुसून घ्यायची. काचेला राहिलेला साबणाचा ओशटपणासुद्धा पुढचा डाव बिघडवतो.

दूध फुल क्रीम घ्या. त्यात ६ टक्के फॅट असतं, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये दीड. फॅट जास्त असलं की हालचाल जोमदार होते आणि जरा जास्त टिकते. पाकिटातलं दूध न तापवता वापरा. तापवलं की साय धरते, आणि भिंगाखाली सायीचा कण गादीएवढा दिसतो. फ्रिजमधून काढल्यावर अर्धा-पाऊण तास बाहेर राहू द्या. वीस सेंटिमीटरच्या ताटलीला पाव लिटर दूध पुरतं, थर सात-आठ मिलिमीटरचा होतो.

मातकटपणाचं कारण रंगांची निवड. तुमच्या फोटोत लाल, हिरवा आणि जांभळा एकत्र आहेत, त्यातून तपकिरीच निघणार. एका वेळी शेजारचे रंग घ्या: पिवळा-केशरी-लाल किंवा निळा-जांभळा-गुलाबी. थेंब तीन-चारच. पावडरचा रंग असेल तर चमचाभर पाण्यात विरघळवून मलमलच्या फडक्यातून गाळा, नाहीतर न विरघळलेले दाणे फोटोत मिरपुडीसारखे दिसतात. साबणात बुडवलेला इअरबड पृष्ठभागाला नुसता टेकवा, ढवळू नका. चांगली वीस-तीस सेकंदं मिळतात. तेवढ्यात फोकस शोधत बसलात तर गेली. आधी एक थेंब टाकून त्यावर फोकस लावून तो लॉक करा, मग बाकीचे थेंब.

अ‍ॅक्रिलिक रंग ओतून जाळीसारखे ‘सेल’ आणायचे आहेत. सिलिकॉन ऑइल घातलं, तरी नुसते पट्टे येतात. फेव्हिकॉल चालेल का? (रामबाग, इंदूर)

फेव्हिकॉल चालेल. सात भाग फेव्हिकॉल आणि तीन भाग पाणी गुठळी न राहता घोटून घ्या. त्या मिश्रणाचे दोन भाग आणि ट्यूबमधल्या रंगाचा एक भाग एकत्र करा. पाणी यानंतर, थेंबाथेंबाने. पातळपणा बेताचा झाला की नाही, हे चमच्यावरून कळतं. चमच्यातून सोडलेली धार खाली क्षणभर उमटून दिसावी आणि एक-दोन सेकंदांत मिसळून जावी. ढीग तसाच राहिला तर घट्ट, उमटलीच नाही तर पातळ. सगळे रंग सारखेच पातळ हवेत. लोक नेमके इथेच चुकतात: निळा ट्यूबमधून मऊ येतो, पांढरा डब्यातून घट्ट येतो आणि दोघांत पाणी मात्र मोजून सारखं घातलं जातं. पाणी मोजू नका, धार बघा.

आता सेल. सिलिकॉन ऑइल हा त्यातला निम्माच भाग. पन्नास मिलिलिटर रंगाला एक-दोन थेंब पुरतात आणि त्यानंतर काडीने दोन-तीनदाच फिरवायचं. तुम्ही मिनिटभर ढवळलंत असं लिहिलं आहे. त्याने तेलाचे इतके बारीक कण होतात की सेल झाले तरी टाचणीच्या टोकाएवढे राहतात.

उरलेला भाग घनतेचा. पांढऱ्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड जड असतं, पाण्याच्या चौपटीहून थोडं जास्त. थॅलो या गडद निळ्याचं रंगद्रव्य पाण्याच्या जेमतेम दीडपट. जड पांढरा वर आणि हलका निळा किंवा काळा खाली ठेवला, तर पांढरा खाली बसू पाहतो, खालचा वाट काढत वर येतो आणि त्याच्या वर येण्याने जाळी पडते. मेक्सिकोचे भित्तिचित्रकार दाव्हिद आल्फारो सिकेरोस यांनी १९३६ साली न्यूयॉर्कच्या कार्यशाळेत रंगावर रंग ओतून हाच परिणाम वापरला होता. तेल न घालता नुसत्या घनतेवर हे जमतं, आणि आम्हाला तीच जाळी जास्त आवडते. तेलाचे सेल फार गोल गरगरीत येतात. तुम्ही पांढरा खाली ओतला आहे. क्रम उलटा करा आणि थर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा पातळ ठेवू नका, नाहीतर वर-खाली व्हायला जागाच राहत नाही.

एप्रिल-मेमध्ये इंदूरच्या कोरड्या हवेत अ‍ॅक्रिलिकवर काही मिनिटांतच कातडी धरते. कातडी धरली की सेल थांबतात आणि जवळून सुरकुत्या दिसतात. पंखा आणि कूलर बंद ठेवा, काम सकाळी लवकर करा, शंभर मिलिलिटर मिश्रणात चमचाभर ग्लिसरीन घाला. चित्र भिंतीवर लावायचं असतं तर ग्लिसरीन सुचवलं नसतं, कारण त्याने रंग चिकट राहतो. पण इथे फोटो टिकायचा आहे, रंग नव्हे. ही मोकळीक वापरा.

फोनने रंगाच्या पाच-सहा सेंटिमीटर जवळ गेलं की सगळं धूसर होतं. नवा फोन घ्यावा का? (मल्हारगंज, इंदूर)

नको. मुख्य कॅमेरा साधारण दहा सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही. फोन बारा-पंधरा सेंटिमीटरवर ठेवा, दोन पट झूम करा आणि नंतर कापून घ्या. स्वस्त फोनमधल्या दोन मेगापिक्सेलच्या ‘मॅक्रो’ कॅमेऱ्यापेक्षा हे चांगलं येतं. त्याहून जवळ जायचं असेल तर चिमट्याने लावायचं मॅक्रो भिंग मिळतं, पण त्याला दोन-चार सेंटिमीटरवर यावं लागतं आणि फोनची सावली रंगावर पडते. अशा वेळी काचेची ताटली दोन वाट्यांवर उचलून प्रकाश खालून द्या.

पन्नास एमएमच्या लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामधली पोकळ नळी) लावली आहे. मधली पट्टी स्पष्ट येते, बाकी धूसर. एफ/२२ (लेन्सचं छिद्र अगदी लहान) केलं तर सगळंच मऊ आलं. शिवाय एलईडी पॅनेलखाली फोटोत आडवे पट्टे येतात आणि वाहता रंग पुसट होतो. (मांजलपूर, वडोदरा)

तीन प्रश्न आहेत, कारणं वेगवेगळी.

पट्टी: एकास एक मोठेपणाला, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटते तेव्हा, एफ/८ वर स्पष्टतेची खोली (जेवढ्या अंतरात सगळं स्पष्ट दिसतं ती) फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यात सुमारे एक मिलिमीटर असते, लहान सेन्सरवर त्याहूनही कमी. कॅमेरा किंचित तिरका असला तरी फ्रेमचं एक टोक त्याबाहेर जातं. ताटलीची आणि कॅमेऱ्याच्या पाठीची पातळी फोनच्या लेव्हलने तपासा. अनेक फोटो जोडून खोली वाढवण्याची युक्ती इथे नको. दोन फोटोंमध्ये रंग हलतो आणि जोडलेल्या फोटोत कडा दुहेरी येतात.

मऊपणा: ट्यूब लावली की लेन्सवरचा आकडा खरा राहत नाही. एकास एकला एफ/२२ म्हणजे प्रत्यक्षात एफ/४४, तिथे विवर्तनाने, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, सगळं मऊ होतं. एफ/८ ते एफ/११ च्या पुढे जाऊ नका. तुमची २५ मिलिमीटरची ट्यूब पन्नासच्या लेन्सला अर्धा पट वाढ देते. लेन्सची स्वतःची धरून लहान सेन्सरवर साडेतीन सेंटिमीटर रुंदीचा तुकडा फ्रेमभर येतो. बहुतेक अमूर्त चित्रांना एवढं पुरतं. आणखी जवळ गेलं की नक्षी जाते, नुसता रंग उरतो.

पट्टे: घरची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर पट्टे जातात. पण मग पुसटपणा येतो. सेकंदाला एक सेंटिमीटर वाहणारा रंग १/५० सेकंदात ०.२ मिलिमीटर सरकतो. साडेतीन सेंटिमीटरच्या फ्रेममध्ये सहा हजार पिक्सेल बसले आहेत, म्हणजे तेहतीस-चौतीस पिक्सेलची सरक. १/१००० ला ती दोन पिक्सेलच्या आत येते. तेव्हा पॅनेल सोडा. खिडकीचा उजेड घ्या, किंवा फ्लॅश कमी पॉवरवर लावा. पॉवर जितकी कमी तितकी फ्लॅशची लकाकी क्षणिक असते आणि रंग तीच गोठवते.

ओल्या रंगावर रिंग लाइटची पांढरी कडी उमटते. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावला, फरक नाही. (स्नेहनगर, इंदूर)

तुम्ही सरळ वरून फोटो काढता, म्हणून फरक नाही. समोरून परतणारा प्रकाश ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा, नसतो. पोलरायझर काम करतो तो उभ्या रेषेपासून सुमारे ५३ ते ५६ अंशांवर, आणि तेवढं तिरकं गेलात तर वरच्या उत्तरातली स्पष्टतेची पट्टी आड येते. पोलरायझर परत करता आला तर करा. रिंग लाइट बाजूला ठेवा, दिवा एका बाजूला घ्या, मध्ये दीड-दोन फुटांचा बटर पेपर ताणून लावा, समोरच्या बाजूला काळा कार्डशीट उभा करा. चकाकी मात्र पूर्ण घालवू नका. कडेला लांबट, मऊ चकाकी राहिली तरच रंग ओला वाटतो. ती गेली की छापील कापडाचा फोटो वाटतो.

पाण्यावर तेलाचे थेंब टाकले तर पाण्यात बारीक बुडबुडे दिसतात. उपाय? (टिळकनगर, इंदूर)

पाणी उकळून, झाकून, पूर्ण निववून वापरा. त्यात विरलेली हवा उकळताना निघून जाते. शक्यतो नळाला येणारं नर्मदेचं पाणी घ्या. बोरिंगच्या पाण्याचे पांढरे डाग काचेवर सुकतात आणि पुढच्या वेळी फोटोत येतात. मोहरीचं तेल पिवळं दिसतं, सूर्यफुलाचं बरं, बेबी ऑइल सगळ्यात स्वच्छ. थेंब लहान हवे असतील तर भांडी घासायच्या लिक्विडचे एक-दोन थेंब घाला. रंगीत कागद ताटलीच्या पंधरा-वीस सेंटिमीटर खाली ठेवा. चिकटवून ठेवलात तर कागदाचे धागे दिसतात.

रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीनंतर घरी उरलेला गुलाल वापरता येईल? (राजवाडा परिसर, इंदूर)

येईल, पण पाण्यात नको. गुलाल बऱ्याचदा स्टार्चवर केलेला असतो, तो पाण्यात विरघळत नाही, त्याचा गाळ होतो. ताटलीत तेलाचा पातळ थर द्या आणि मलमलमधून चिमूटभर चाळा. तोंडाला रुमाल बांधा, आणि लेन्स बदलायची असेल तर दुसऱ्या खोलीत जाऊन बदला.

उरलेला रंग मोरीत ओतला तर चालेल? (लोकमान्यनगर, इंदूर)

दूध आणि खाण्याचे रंग चालतील. अ‍ॅक्रिलिक नाही, ते पाइपात सुकून प्लॅस्टिकची पापडी धरतं. जुन्या पॉलिथिनवर पसरून दोन दिवस वाळू द्या, मग पापडी सोलून कचरागाडीच्या सुक्या कप्प्यात टाका. ग्लिसरीन घातलेला रंग आठवडाभर वाळणार नाही. तो वर्तमानपत्राच्या बोळ्यांत शोषून टाका. तेलाचंही तेच.