तारण कधी झालं? तारीख सांग!

पत्र:

मावशी, सलाम. मी ४७ वर्षांची, नगर जिल्ह्यातली. आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. तान्हेपणी बाप्तिस्मा, नववीत असताना दृढीकरण (कन्फर्मेशन), दर रविवारी चर्च, घरी संध्याकाळची प्रार्थना, सगळं रीतसर झालं. माझी जाऊ हल्ली एका नव्या फेलोशिपला जाते. ती सारखी विचारते, “तुझं तारण कधी झालं? तारीख सांग.” माझ्याकडे तारीख नाही. ती म्हणते, तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा धरत नाहीत, तू नुसती जन्माची ख्रिस्ती. तिच्याबरोबर दोनदा सभेला गेले. पास्टर म्हणाले, “आज रात्री मेलात तर कुठे जाल?” दोन्ही वेळा मी हात वर केला, पुढे गेले, रडले, त्यांच्यामागून प्रार्थना म्हटली. दोन दिवस हलकं वाटलं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता रात्री सगळे झोपले की मी तीच प्रार्थना परत परत म्हणते, यावेळी तरी खरी लागावी म्हणून. बाबा वारले, त्यांनीही कधी तारीख सांगितली नव्हती. त्यांचं काय झालं असेल?

जाता जाता सांगते, बाबांच्या जमिनीवरून दादाशी बोलणं बंद आहे. मी हक्कसोडपत्रावर सही केली नाही, बाबांच्या वर्षाच्या प्रार्थनेलाच सगळ्यांसमोर भांडण झालं. आई त्याच्याकडे असते, त्यामुळे तिचीही भेट नाही. पण तो विषय वेगळा.

उत्तर:

प्रिय मुली,

आधी जाऊबाईंचा प्रश्न घेते, कारण तो दिसतो तेवढा अवघड नाही.

काही माणसांकडे तारीख असते आणि ती खरी असते. मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्याकडे तर वेळसुद्धा होती. २४ मे १७३८, लंडनची ऑल्डर्सगेट स्ट्रीट, रात्रीचे साधारण पावणेनऊ. कुणीतरी बायबलातल्या रोमकरांस पत्राला धर्मसुधारक ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचत होतं आणि यांचं मन आतून तापलं. त्याआधी दहा वर्षं ते दीक्षा घेतलेले पाळक होते, बरं का. अशा तारखेची थट्टा करू नये. पण याच वेस्लींनी जानेवारी १७३९ मध्ये रोजनिशीत काय लिहिलं? की मी आत्ताही ख्रिस्ती नाही. तारखेला वर्षही झालं नव्हतं. म्हणजे तुला जी खात्री हवी आहे, ती तारीख असलेल्यांनाही घरपोच मिळालेली नाही.

आपल्याकडचंच उदाहरण घे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. तारीख आहे, गाव आहे, आणि त्या काही तान्ह्या नव्हत्या, चांगल्या विचार करून उभ्या राहिलेल्या बाई होत्या. तरी १९०७ मध्ये स्वतःची साक्ष लिहिताना त्यांनी म्हटलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळालेला नव्हता, आणि हे आपल्याला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळलं. जाऊबाई त्यांच्यासमोर बसल्या असत्या तर रमाबाईंनी कोणती तारीख सांगायची होती?

पवित्र शास्त्रात दोन्ही तऱ्हा आहेत. प्रेषित पौलाला दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर उजेडाने खाली पाडलं. त्याचा तरुण सहकारी तीमथ्य याच्या बाबतीत असं काहीच घडल्याचं दिसत नाही. त्याच्याबद्दल पौल लिहितो तो विश्वास आधी आजी लोईस हिच्यात आणि आई युनीके हिच्यात राहिलेला, आणि पवित्र शास्त्र तर त्याला बालपणापासून ठाऊक. पौलाने त्याला कधी तारीख विचारली नाही. तू तीमथ्याच्या जातकुळीची आहेस. जाऊबाईंना एवढंच सांग आणि भाजी निवडायला लाग. बाळाच्या बाप्तिस्म्याचा वाद मंडळ्यांमध्ये कैक शतकं चालू आहे, तो तुमच्या दोघींच्या स्वयंपाकघरात निकाली निघणार नाही.

आता त्या रात्रीच्या प्रार्थनेबद्दल. ओटीपी आला नाही म्हणून आपण घाबरून ‘पुन्हा पाठवा’ दाबत राहतो, आणि दर वेळी आधीचा बाद होत जातो, तसं तू चालवलं आहेस. प्रत्येक नवी प्रार्थना म्हणताना तू देवाला सांगते आहेस की कालची तू ऐकली नसणारच. थांब. ही प्रार्थना आज रात्रीपासून बंद. झोप येत नसेल तर प्रभूची प्रार्थना म्हण, एकदाच, सावकाश. तिच्यात काल नाही आणि उद्याही नाही. रोजची भाकर आज दे, आणि लगेच पुढच्या श्वासात, जसे आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले आहे. या ओळीवर तू अडतेस का, ते स्वतःलाच विचार. मला वाटतं अडतेस. कारण तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी बाकीच्या पत्रापेक्षा जास्त वेळा वाचलं.

‘तो विषय वेगळा.’ नाही गं, तो वेगळा नाही.

‘आज रात्री’चं वचन कुठलं आहे, पास्टरांनी सांगितलं का? लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातलं. श्रीमंत शेतकऱ्याला भरघोस पीक आलं, तो म्हणाला कोठारं पाडून मोठी बांधतो, आणि देव त्याला म्हणाला, मूर्खा, आज रात्री तुझा जीव मागितला जाईल. सभांमध्ये हा दाखला इथूनच सुरू होतो. पण लूकमध्ये तो कशावरून निघाला ते काढून बघ, तेराव्या ओवीत. गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, गुरुजी, मला वतनाचा वाटा द्यायला माझ्या भावाला सांगा. वाटणीचं भांडण! यावर येशू म्हणतो, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमलं? आणि मग लोभाबद्दल सावध करून हा दाखला सांगतो. याच अध्यायाच्या शेवटी आणखी एक गोष्ट आहे, तीही कोणी वाचून दाखवत नाही. तुझ्याविरुद्ध दावा लावणाऱ्या वाद्याबरोबर अधिकाऱ्याकडे जात असशील तर वाटेतच त्याच्यापासून मोकळा होण्याचा प्रयत्न कर.

तू दोन वेळा त्या वचनाला घाबरून हात वर केलास आणि ज्या भांडणातून ते निघालं, तसलंच भांडण घेऊन घरी परत आलीस. मग दोन दिवसांपेक्षा जास्त हलकं वाटणार कसं?

दुसरं वचनही तू सभेत ऐकलंच असशील, ‘पाहा, आताच तारणाचा दिवस आहे.’ करिंथकरांस दुसरे पत्र, सहावा अध्याय. ते बहुधा अविश्वासी माणसाकडे बोट करून म्हटलं जातं. पौलाने ते कोणाला लिहिलं? करिंथच्या मंडळीला, म्हणजे आधीच विश्वास ठेवलेल्या, बाप्तिस्मा झालेल्या लोकांना. आणि त्या वेळी त्यांचं पौलाशी चांगलंच बिनसलेलं होतं. एक भेट दुःखाची झाली होती, एक पत्र त्याने रडत लिहिलं होतं. आदल्या अध्यायात तो म्हणतो देवाशी समेट केलेले असे व्हा, मग म्हणतो आताच, आणि थोड्याच ओव्यांनंतर, तुमचीही अंतःकरणं विशाल करा. तारण, समेट आणि रुसलेली माणसं, हे तिन्ही एकाच दमात आलं आहे. म्हणून हा ‘आता’ तुझ्याआमच्यासारख्या चर्चच्या बाकावर वाढलेल्यांसाठीच जास्त आहे, असं माझं मत.

इब्री लोकांस पत्रातही तेच. आज जर तुम्ही त्याची वाणी ऐकाल तर आपली मने कठीण करू नका. हे बंधुजनांना लिहिलंय, आणि प्रतिदिवशी एकमेकांना बोध करा असंही लिहिलंय, जोवर ‘आज’ म्हटलेला वेळ आहे तोवर. म्हणजे एकदाच उघडून कायमचं बंद होणारं दार असं त्याचं चित्र नाही. आज रोज येतो. पण त्यात एक गोम आहे. मन एका दिवसात कठीण होत नाही. भांडण झालं त्या आठवड्यात दादाला फोन करणं जड होतं, पण जमण्यासारखं होतं. नाताळला त्याहून जड. आता तू त्याला ‘वेगळा विषय’ म्हणायला लागलीस. मन कठीण होतं ते असं, आणि माणसाला वाटत राहतं की आपण फक्त योग्य वेळेची वाट बघतोय. प्रेषितांच्या कृत्यांत फेलिक्स नावाचा सुभेदार आहे. पौल नीतिमत्त्व, संयम आणि पुढे होणारा न्याय यांबद्दल बोलला तेव्हा तो भ्याला, आणि म्हणाला, सध्या जा, संधी सापडली म्हणजे बोलावीन. बोलावलंसुद्धा त्याने, बरेचदा, पण पैसे मिळतील या आशेने. दोन वर्षं गेली, बदली झाली, आणि पौल तसाच तुरुंगात. घाबरणं फेलिक्सलाही जमलं होतं.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर तू माझं पत्र घेऊन उद्या तहसीलला जाशील. दादाशी बोललीस तर तारण मिळेल, असं मी म्हणत नाही. तारण कृपेने होतं, कमाईने नाही. जक्कय या जकातदाराची गोष्ट आठव. येशू आधी म्हणाला, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. जक्कयाने तोवर एक दमडीही परत केली नव्हती. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्याला चौपट, हे तो येशूच्या समोर उभं राहून म्हणाला. त्यावर येशू म्हणाला, ‘आज ह्या घराला तारण प्राप्त झाले आहे.’ कृपा आधी आली, मग तिने थेट पैशाच्या व्यवहाराला हात घातला. तुझ्याकडे कृपा आलेलीच आहे, मुली. नाहीतर इतकी झोप उडालीच नसती.

आणि सही न करणं हे पाप नाही. हे ठळक अक्षरांत वाच. आपल्या लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र न करता बाप गेला तर एक तृतीयांश विधवेचा, उरलेल्या दोन तृतीयांशात मुलगा-मुलगी सारखे. म्हणजे यात तुझ्याइतकाच आईचाही प्रश्न आहे, आणि तिला कोणी विचारलं का हे तू लिहिलं नाहीस. ‘ख्रिस्ती बहीण क्षमा करते, म्हणून सही करते’ असं दादा किंवा मंडळीतलं कोणी म्हणालं तर अजिबात ऐकू नकोस. हक्क सोडायचा की नाही हे पुढे शांतपणे, वकिलाला विचारून ठरव. सोडलास तरी हरकत नाही, राखलास तरी हरकत नाही. तो विषय थांबू शकतो. अबोला मात्र थांबवण्यासारखा नाही.

मत्तयात वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाकडे जाण्याबद्दल जे आहे, तिथे चूक कोणाची ते लिहिलेलं नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, एवढंच. त्यामुळे ‘पण चूक त्याची आहे’ हे मला कळवू नकोस. असेलही त्याची.

बाबांबद्दल मी थोडंच बोलणार आहे. वधस्तंभावरच्या चोराला येशूने म्हटलं, तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील. त्याच्याकडे काही तासच होते, बाप्तिस्माही नव्हता. ज्याने त्याला घेतलं, त्याच्या हाती तुझे बाबा आहेत. ते प्रार्थना करणारे होते, तू त्यांच्या मांडीवर ती शिकलीस. जाऊबाईंना त्यांचा निकाल देण्याचा अधिकार नाही, मलाही नाही, आणि तुलाही नाही. ती काळजी खाली ठेव.

आता काय करायचं ते. हे वाचून झालं की आईला फोन लाव. उद्या नको. तिच्याकडे स्वतःचा फोन नसेल तर दादाच्या फोनवर लाव. तो उचलेल तेव्हा पहिलं वाक्य आधीच ठरवून ठेव, नाहीतर घशात अडकेल: “दादा, मी बोलतेय. रविवारी चर्च सुटल्यावर आईला भेटायला येते.” ‘येऊ का’ असं विचारू नकोस, लेक आईला भेटायला येते त्याला परवानगी लागत नाही. त्याने फोन आपटला तर आपटू दे, तरी रविवारी जा. रोमकरांस पत्रात म्हटलंय, शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्वांबरोबर शांतीने राहा. तुझ्याकडून होईल तेवढंच तुझ्या अंगावर आहे. त्याच्याकडून व्हायचं ते त्याच्यावर. दादा हात उगारणाऱ्यातला असेल, तर मात्र एकटी जाऊ नकोस, नवऱ्याला किंवा पाळकांना बरोबर ने. जाऊबाईंना पहिल्या खेपेला नको.

जमिनीचा विषय त्या दिवशी तू काढायचा नाहीस. बाबांच्या वर्षाला जे शब्द तुझ्या तोंडून गेले असतील, त्यातल्या एखाद्याबद्दल वाईट वाटत असेल तर तेवढ्याचीच माफी माग, सगळ्या भांडणाची नको. वाटत नसलेल्या माफीचा वास माणसाला लगेच येतो, भावाला तर फारच. आईजवळ बस. आणि त्याने कपाटातून कागद काढून पुढे केलाच, तर “वकिलांना दाखवून सांगते” म्हण, घडी करून पर्समध्ये ठेव, आणि वहिनीने आणलेला चहा पिऊनच ऊठ.

तुझी,
मावशी