गुलाल दुसऱ्यांच्या अंगणात असताना

विटा

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

सरपंचपदाच्या निवडणुकीत तू पडलीस, तरी मतमोजणीनंतर तहसील कार्यालयाच्या आवारात तू निवडून आलेल्या सरपंचांचे अभिनंदन केलेस आणि मगच घरी गेलीस, हे मला दोघातिघांकडून कळले. बरे वाटले. काल फोनवर तू विचारलेस की चौकात ‘सर्व मतदारांचे जाहीर आभार’ असा फ्लेक्स लावावा, की गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मजकूर टाकावा. ग्रुपवर चार ओळी जरूर टाक. फ्लेक्स मात्र लावू नकोस, कारण ज्यांनी तुझ्यासाठी झीज सोसली त्यांचे देणे बाकी असताना चौकात आभार झळकवणे मला शोभणारे वाटत नाही.

देण्याचा साधा अर्थ आधी घे. मंडपवाला, स्पीकर लावून फिरलेली रिक्षा, पत्रके छापणारा छापखाना आणि रोज कार्यकर्त्यांना चहा देणारा टपरीवाला यांची उधारी पहिल्या आठवड्यातच भागव. निवडून आलेल्याकडे पैसे मागायला कोणाला संकोच वाटत नाही. पडलेल्याच्या दारात मात्र माणूस दोनदा येऊन विषय न काढता परत जातो, आणि तुझ्यामुळे त्याच्यावर ही वेळ येऊ नये. पावत्या जपून ठेव. निकालानंतर ३० दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब पराभूत उमेदवारालाही द्यावा लागतो आणि तो न दिल्यास पाच वर्षांसाठी अपात्र ठरण्याची पाळी येऊ शकते. पडलेल्यांचे कागद कोण बघतो, असे छातीठोकपणे सांगणारे तुला पारावर भेटतीलच; त्यांचे ऐकू नकोस.

आता माणसांचे देणे. मतदान गुप्त असते, पण पोलिंग एजंट म्हणून तुझ्या बाजूने दिवसभर खुर्चीवर बसलेली पोरे, तुझी पत्रके घेऊन वस्तीवस्तीवर फिरलेल्या बायका आणि तुझ्या अर्जावर सूचक म्हणून सही करणारा माणूस, हे सगळे गावाने उघड पाहिले आहेत. तू उद्या आपल्या कामाला लागशील. त्यांना मात्र दाखल्यासाठी, नळाच्या जोडणीसाठी, घरकुलाच्या यादीसाठी त्याच ग्रामपंचायतीच्या पायऱ्या चढायच्या आहेत. म्हणून त्यांच्या घरी जा, एकटी जा आणि प्रत्येकाला त्याने नेमके काय केले ते सांगून आभार मान. ‘तुम्ही खूप केलेत’ हे वाक्य कोणालाही चालते, म्हणून ते कोणाचेच नसते. ‘छाटणीची मजुरी बुडवून तुम्ही तीन दिवस माझ्याबरोबर फिरलात’ हे ज्याचे त्यालाच पोहोचते.

काही आभार मात्र मोठ्याने मानायचेच नसतात. मी पंचायत समितीला पडलो तेव्हा भावनेच्या भरात चाळीस नावांचे आभारपत्रक छापून वाटले होते. त्यात बचत गटातल्या एका बाईंचे नाव होते, आणि त्यांच्या सासरची सगळी भावकी समोरच्या पॅनेलमध्ये होती. पुढचे कित्येक महिने त्या घरात काय चालले असेल याची कल्पना मला उशिरा आली. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, पण रस्त्यात दिसल्या की त्या नजर वळवत. अशा माणसांचे आभार विहिरीवर, बांधावर, लग्नाच्या मांडवात एका वाक्यात मानावेत आणि लगेच पाऊसपाण्याचा विषय काढावा.

याच कारणासाठी आकडेमोड थांबव. प्रभागनिहाय मते समोर असली की काही शे मतांत कोणी दगा दिला हे शोधायचा मोह सगळ्यांना होतो, आणि तुझ्याच ओट्यावर रात्री उशिरापर्यंत तो उद्योग चालला असेल. तो कडक शब्दांत बंद कर. संशय चुकीचा ठरला, तर ज्याने खरोखर मत दिले त्याच्याच तोंडावर आपण दार लावतो.

आपल्या खानापूर-आटपाडी भागातली आणखी एक गोष्ट विसरू नकोस. गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी परमुलखात असलेली आपली माणसे एका मतासाठी दोन-दोन दिवसांचा रेल्वेचा प्रवास करून, दुकान दुसऱ्याच्या हवाली करून येतात. ती निकालाआधीच परत गेली असतील. प्रत्येकाला फोन कर, आणि त्यांच्या म्हाताऱ्या आईवडिलांकडे, जे गावातच आहेत, स्वतः जाऊन ये. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला निकाल ग्रुपवरून कळावा, हे मला पटत नाही.

पुढच्या निवडणुकीविषयी आत्ता एक शब्दही बोलू नकोस. आभाराच्या भेटीत पुढचे मत मागितले की आधीची सगळी वाक्ये त्या मागणीची प्रस्तावना ठरतात. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, पण १९७२ आणि १९९५ साली ते पराभूतही झाले होते. आपल्याकडे त्यांची आठवण विधानसभेपेक्षाही, १९९३ पासून स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या साथीने उभ्या राहिलेल्या दुष्काळी तालुक्यांच्या पाणी चळवळीमुळे निघते. त्या कामाला आमदारकीची अट नव्हती. तुलाही तसे काम हाताशी आहे. तुझ्या पॅनेलचे जे सदस्य निवडून आले आहेत ते नवखे आहेत. वर्षाला किमान चार ग्रामसभा कायद्यानेच घ्याव्या लागतात, तिथे त्यांच्या मागे बस आणि वस्तीवरच्या पाण्याचा प्रश्न, जो तू प्रचारात मांडलास, तो कागदावर लिहून दे. समोरच्या पॅनेलने तो सोडवला, तर त्यांचेही आभार सभेतच मान. हे जड जाईल, मला ठाऊक आहे.

थकवा उतरेपर्यंत दोन दिवस घरी थांबलीस तरी चालेल, पण त्याहून जास्त नको; पडलेल्या उमेदवाराचे बंद दार पाहून कार्यकर्त्यांना आपलेच काही चुकले असे वाटू लागते. मंडपवाल्याचे पैसे कमी पडत असतील तर संकोच न करता कळव. येत्या बाजारादिवशी मी आटपाडीला येणार आहे, तेव्हा यादी घेऊन भेट. ज्यांच्या घरी जायला तुला धीर होत नाही, त्यांची नावे वर लिही. त्यातल्या एकदोन घरी मी बरोबर येईन, पण बोलायचे तूच.

तुझा,
काका