ब्विंडीचा गोरिला ट्रेक: आधी सेक्टर ठरवा, मग हॉटेल

तुमचे प्रश्न तीन होते. युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात गोरिलांसोबतच्या एका तासाच्या परमिटसाठी माणशी ८०० डॉलर मोजावेत का, बासष्ट वर्षांच्या आईंना ते झेपेल का, आणि गोरिला सोडून तिथे बघायला काय आहे. त्या जंगलात फिरलेलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पैसे जरूर मोजा. आईंनाही झेपेल, पण सेक्टर विचार करून निवडला तरच. आणि तिसऱ्या प्रश्नाबद्दल एकच विनंती: एका रात्रीत उरकून परत फिरू नका. निदान तीन रात्री तरी काढा.

आता सेक्टरचं. ब्विंडी आहे जेमतेम ३२१ चौरस किलोमीटरचं, पण सगळा डोंगरउतार आणि खोल दऱ्या. आत शिरायचे भाग चार: उत्तरेला बुहोमा, पूर्वेला रुहिजा, दक्षिणेला रुशागा आणि न्कुरिंगो. परमिट त्या-त्या सेक्टरचंच मिळतं. नकाशावर ही गावं शेजारी-शेजारी दिसतात, पण बुहोमाहून रुशागाला गाडीने जायचं तर घाटातल्या कच्च्या रस्त्यावर कित्येक तास मोडतात. सकाळी आठच्या सुमाराला ब्रीफिंग असतं. त्यामुळे मुक्काम एकीकडे आणि परमिट दुसरीकडे असलं, तर पहाटे अंधारात धावाधाव ठरलेली. आधी परमिट, मग त्याच सेक्टरमधलं हॉटेल, हा क्रम सोडू नका.

आईंसाठी मी बुहोमा सुचवेन. १९९३ मध्ये ब्विंडीतलं गोरिला पर्यटन तिथूनच सुरू झालं आणि तिथली चढण त्यातल्या त्यात सौम्य आहे. न्कुरिंगो मात्र टाळा. तिथे कड्यावरून सुरुवात करून आधी दरीत उतरायचं आणि दमल्यावर परत तेवढंच चढायचं. रुशागात माणसांना सरावलेली गोरिला कुटुंबं सगळ्यांत जास्त, म्हणून ऐन हंगामात परमिट मिळण्याची शक्यताही तिथे जास्त. सकाळी रेंजरना आईंचं वय आणि गुडघ्यांचं स्पष्ट सांगा, जवळपास असलेल्या कुटुंबाकडे पाठवता आलं तर ते पाठवतात. अगदीच नाही जमलं तर गावातली माणसं खुर्चीत बसवून उचलून नेतात. त्याचे पैसे वेगळे पडतात आणि ते आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं.

तुम्ही राजगड-तोरणा केलेत म्हणताय, तर दमसासाची काळजी नको. फक्त पायवाटेची सवय घरी ठेवा. ट्रॅकर मंडळी पहाटेच आत जातात. आदल्या दिवशी कुटुंब जिथे सोडलं तिथून माग काढत रात्रीच्या घरट्यांपर्यंत पोहोचतात (गोरिला रोज संध्याकाळी पाला-फांद्या दुमडून नवं घरटं करतात) आणि तिथून पुढचा ताजा माग धरतात. वायरलेसवर निरोप आला की गाइड वाट सोडतो आणि कोयत्याने वेली तोडत सरळ उतारावर घुसतो. पायाखाली जमीन नसते, दबलेल्या वेलींची गादी असते आणि तिच्यात पाय मांडीपर्यंत जातो. खाजऱ्या पानांची झुडपं असतात, म्हणून बागकामाचे जाड हातमोजे न्या. पँट मोज्यांत खोचा, मुंग्यांची रांग ओलांडावी लागली तर याचं महत्त्व कळेल. पोर्टर प्रत्येकाने एक घ्याच. सॅक जड नसली तरी घ्या. निसरड्या जागी तो हात देतो, आणि जंगलाला खेटून राहणाऱ्या घरात थेट पैसा जातो. ट्रेक तासाभरात संपू शकतो किंवा दुपार उलटू शकते, ते गोरिलांवर.

मग तो एक तास. एका कुटुंबाकडे दिवसातून एकदाच, जास्तीत जास्त आठ पर्यटक. गाइड पोहोचताच घशातून खोल, घोगरा, दोन ठेक्यांचा हुंकार देतो. गोरिला एकमेकांना ‘सगळं ठीक आहे’ असं कळवताना काढतात तोच आवाज, आणि पलीकडून उत्तर येतं. सिल्व्हरबॅक, म्हणजे पाठ चंदेरी झालेला दीडशे किलोंच्या पुढचा नर, बहुतेक वेळा खात बसलेला असतो. त्याचे हात बघा. तो देठ वाकवतो, वरची साल दातांनी एका ओढीत सोलतो, आतला पांढरा गर तेवढा खातो आणि साल बाजूला टाकतो. एवढ्या जाड बोटांना इतकं नेमकं काम जमतं, हे मी कितीही वेळ पाहू शकेन. नाकही बघा. नाकपुड्यांवरच्या सुरकुत्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात आणि ट्रॅकर त्यावरूनच ओळख पटवतात. ब्विंडीतले गोरिला विरुंगा डोंगररांगेतल्या गोरिलांपेक्षा फळं जास्त खातात, त्यामुळे झाडावर चढलेलेही दिसतात. फोटो पहिल्या दहा मिनिटांत काढून घ्या आणि कॅमेरा खाली ठेवा. फ्लॅश बंदच हवा.

सर्दी-खोकला असेल तर जाऊ नका. हे मी कळकळीने सांगतो. २०१८ च्या गणनेत ब्विंडी आणि काँगोतल्या लगतच्या सारांब्वेत मिळून ४५९ गोरिला होते, विरुंगा धरून जगात या पर्वतीय उपजातीचे १०६३. प्राणिसंग्रहालयांत पर्वतीय गोरिला नाहीतच, जे आहेत ते या जंगलांतच. आपले आजार त्यांना होतात. १९९६ मध्ये ब्विंडीतल्या एका कुटुंबाला खरूज झाली, ती भोवतालच्या वस्तीतून आलेली होती. एक पिल्लू दगावलं, बाकीचे औषधाने वाचले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांनी पुढे गोरिलांसाठी म्हणून गावकऱ्यांच्या आरोग्याचं काम उभं केलं. मास्क, दहा मीटर अंतर, पंधरा वर्षांखालच्यांना मनाई, हे नियम त्यासाठी आहेत. फोटोसाठी गाइडला ‘अजून थोडं पुढे’ म्हणून गळ घालणारे लोक भेटतील. तुम्ही त्यांत नसावं.

बाकी जंगलाबद्दल. पक्ष्यांची आवड थोडी जरी असेल तर एक दिवस रुहिजाला ठेवा. तिथून मुब्विंडी दलदलीपर्यंतची उतरण हा ब्विंडीतला माझा सगळ्यांत आवडता ट्रेक. आफ्रिकन ग्रीन ब्रॉडबिल हा दुर्मीळ, चिमुकला हिरवा पक्षी पाहायला जगभरातून लोक त्या वाटेवर येतात. त्या भागात हत्तींचाही वावर असतो. प्रत्यक्ष दर्शन क्वचित, पण ताजी लीद आणि मोडलेला बांबू दिसतो. ब्विंडीत साडेतीनशेच्या आसपास पक्षी आहेत आणि त्यांतले बरेच आल्बर्टाइन रिफ्टच्या डोंगरांपलीकडे कुठेच मिळत नाहीत.

आईंना गोरिलाच्या दुसऱ्या दिवशी बुहोमातली मुन्यागा धबधब्याची वाट बरी पडेल. मुन्यागा नदीच्या कडेने सावलीतून जाते. काळीपांढरी कोलोबस माकडं आणि पांढऱ्या दाढीची ल’होएस्ट माकडं रस्त्याच्या कडेलाही दिसतात. तुम्हाला अंगात रग असेल तर बुहोमा ते न्कुरिंगो जंगलातून पायी जा. गाडी लांबचा वळसा घालून सामान पोहोचवते. चिंपांझींसाठी मात्र ब्विंडीवर भिस्त ठेवू नका. आहेत, पण सरावलेले नाहीत. त्यासाठी किबालेचं जंगल गाठा. झाडावर चढणारे सिंह बुहोमाच्या वाटेवर, क्वीन एलिझाबेथ उद्यानाच्या इशाशा भागात.

बाट्वा लोकांबद्दल वाचून जा. हे जंगल त्यांचं घर होतं. १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्यांना बाहेर काढलं गेलं. आता त्यांच्या जुन्या जीवनाची ओळख करून देणाऱ्या फेऱ्या असतात. पैसे त्यांच्याच हाती जातात का, हे बुकिंग करताना विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरीकडे विचारा.

रवांडाचा पर्याय लिहिलाय तुम्ही. तिथे परमिट १५०० डॉलर, पण राजधानी किगालीपासून गोरिलांचं उद्यान अडीच-तीन तासांवर. दोघांच्या परमिटमध्ये मिळून १४०० डॉलर वाचत असतील तर मी ब्विंडीच निवडेन आणि तो पैसा जास्तीच्या रात्रींवर घालवेन. किगालीत उतरून सीमा ओलांडून रुशागाला येणं युगांडातल्या एन्टेबे विमानतळाहून येण्यापेक्षा जवळ पडतं. त्यासाठी युगांडा, रवांडा, केनिया मिळून असलेला ईस्ट आफ्रिका व्हिसा घ्या.

जून ते ऑगस्ट किंवा डिसेंबर ते फेब्रुवारी धरा. पाऊस तरीही येईल, रेनकोट असू द्या. शाकाहारी असाल तर लॉजला आधी कळवा. आणि यलो फीवरची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्या. त्या प्रमाणपत्राशिवाय युगांडाहून परतलात तर भारतात विमानतळावरूनच विलगीकरणात पाठवू शकतात. लस नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते आणि तिथे अपॉइंटमेंटला वेळ लागतो, म्हणून तिकीट काढलं की पहिलं ते काम करा. साठीपुढच्या माणसाने ही लस डॉक्टरांना विचारूनच घ्यायची असते, तेव्हा आईंना आधी घरच्या डॉक्टरांकडे न्या.