इंग्लंडला आलेल्या आईवडिलांच्या उपचारांचा खर्च कोणी सोसावा?

आपण इंग्लंडमध्ये नोकरी करता, तिथे कर भरता. मग सोलापूरहून सहा महिन्यांसाठी आपल्याकडे येणारे आईवडील आजारी पडले तर तिथल्या सरकारी रुग्णालयाने त्यांच्यावर मोफत उपचार का करू नयेत, असा आपला प्रश्न आहे. माझे मत असे की हा खर्च पाहुण्याने किंवा त्याला बोलावून घेणाऱ्याने सोसावा. मात्र त्याची वसुली रुग्णाच्या खाटेपाशी न होता व्हिसा देतानाच व्हावी.

एनएचएस ही तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा 5 जुलै 1948 रोजी सुरू झाली आणि ती मुख्यतः करांच्या पैशावर चालते. तिचा हक्क नागरिकत्वावर नव्हे, तर तिथल्या नेहमीच्या वास्तव्यावर ठरतो. ब्रिटिश पासपोर्ट असलेला माणूस कायमचा सोलापुरात येऊन राहिला, तर केवळ त्या पासपोर्टाच्या बळावर त्यालाही तिथे जाऊन मोफत शस्त्रक्रिया करून घेता येत नाही. सहा महिन्यांहून अधिक काळाचा व्हिसा घेणाऱ्यांकडून 2015 पासून आरोग्य अधिभार घेतला जातो आणि फेब्रुवारी 2024 पासून तो प्रौढांना वर्षाला 1,035 पौंड इतका आहे. आपण कामाच्या व्हिसावर गेला असाल तर हा अधिभार आणि कर असे दोन्ही भरत असाल, आणि हा दुहेरी भार मला अन्यायाचा वाटतो. पण आपण भरलेला अधिभार आपल्या एकट्याच्या नावाचा असतो. आईवडील पाहुण्यांच्या व्हिसावर येतात, त्यांच्याकडून तो घेतलाच जात नाही.

प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. वडिलांच्या छातीत दुखू लागले तर इंग्लंडमध्ये रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातली तपासणी आणि तिथले उपचार कोणालाही मोफत मिळतात. परंतु त्यांना दाखल करून घेतले, अँजिओप्लास्टी केली, की तिथून पुढचे बिल सुरू होते आणि भारतातून आलेल्या पाहुण्याला ते ठरलेल्या दराच्या दीडपट लागते. जीव वाचवणारे उपचार पैशासाठी थांबवत नाहीत, बिल मागाहून येते. जे उपचार थांबू शकतात त्यांचे पैसे मात्र आधी भरावे लागतात. क्षयरोगासारख्या संसर्गजन्य आजारांचे उपचार सर्वांना मोफत आहेत, कारण त्यात तिथल्या लोकांचेही हित आहे. 500 पौंडांहून अधिक बिल दोन महिने थकले तर ती माहिती गृहखात्याकडे जाते आणि पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो.

आता खर्च कोणाचा, याकडे येतो. ज्या समाजात आपण राहतो, त्याच्या सामाईक तिजोरीत आपण आयुष्यभर भर घालतो आणि अडचणीत तिच्यातून घेतो, हे अशा सेवेचे मूळ आहे. आपल्या आईवडिलांनी ती भर इथे घातली, तिथे नाही. म्हणून दीडपट दर मला जाचक वाटला, तरी बिल येण्यात गैर काही दिसत नाही.

वसुलीची जागा मात्र चुकली आहे. ही सेवा उभी करणारे आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांचा त्या काळीच असा आक्षेप होता की, पाहुणा ओळखून काढायचा तर आपल्याच नागरिकांना सतत ओळखपत्र बाळगावे लागेल. 2018 मध्ये विंडरश प्रकरण उघडकीस आले तेव्हा कॅरिबियन बेटांवरून येऊन अनेक दशके तिथेच राहिलेल्या काही वृद्धांना कागदपत्रांअभावी उपचार नाकारले गेल्याचे दिसले. आणि हे सगळे कशासाठी, तर 2017-18 पर्यंत वर्षाला 50 कोटी पौंड वसूल करण्याच्या उद्दिष्टासाठी, जेव्हा या सेवेचा वार्षिक खर्च 10,000 कोटी पौंडांच्या पुढे होता.

आमच्या सोलापूरच्या सिव्हिलमध्ये शेजारच्या कर्नाटकातल्या विजयपूर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतलेही रुग्ण येतात. इंडीकडून आलेल्या अपघातातल्या माणसाला आधी आत घेतात, केसपेपर नातेवाईक मागाहून काढतो. मोठी शस्त्रक्रिया ठरली की महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या टेबलावर शिधापत्रिका मागतात आणि तिथे परराज्याचा पत्ता अडतो, पण तो प्रश्न टेबलावरचा माणूस विचारतो, टाके घालणारा डॉक्टर नव्हे. ही फारकत मला फार महत्त्वाची वाटते.

युरोपातल्या सामाईक व्हिसा असलेल्या शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा प्रवासी विमा लागतो. कॅनडाच्या सुपर व्हिसावर येणाऱ्या आईवडिलांना किमान 1,00,000 कॅनेडियन डॉलरचा. ब्रिटन पाहुण्यांकडून विमा मागत नाही. सक्तीचा विमा निष्काळजीपणापेक्षा बरा, पण सत्तरीच्या माणसाला हप्ता जड जातो आणि जुना आजार बहुधा वगळलेला असतो. त्यापेक्षा प्रत्येक पाहुण्याच्या व्हिसावर थोडा अधिभार लावून तातडीच्या उपचारांचा खर्च त्या निधीतून भागवावा, आणि ठरवून करायच्या शस्त्रक्रियेचे पैसे मात्र ज्याने त्याने आधी भरावेत, हे मला अधिक न्याय्य वाटते.

तोवर आपण विमा घ्याच, आणि तो आईवडील सोलापूरहून निघण्यापूर्वी घ्या. जुळे सोलापुरातल्या माझ्या एका परिचितांचा विम्याचा अर्ज मी पाहिला होता. बीपीची गोळी रोज चालू असताना आधीच्या आजारांच्या रकान्यात एजंटाने 'नाही' असे भरले होते, कारण हप्ता वाढला असता. अशा एका शब्दावर पुढे सगळा दावा फेटाळला जाऊ शकतो. त्यामुळे अर्ज आपण स्वतः वाचा, बीपी, शुगर, जुनी शस्त्रक्रिया जे असेल ते लिहा, आणि जुना आजार अचानक बळावला तर किती रकमेपर्यंत संरक्षण मिळेल, हे कंपनीकडून लेखी घ्या.